अमावास्येची वाट आणि मोटारीचे दिवे

आपल्या घरांतून दिवा लावण्याला जितके नियम आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या कशाला असतील. समईत तेल किती, वाती किती, निरांजन कोणत्या बाजूस ठेवायचे, हे सारे ठरलेले असते. गोमंतकातल्या देवळांत दिवजोत्सवाच्या रात्री सुवासिनी दिवजां घेऊन प्रदक्षिणा घालतात. त्या वेळी हातातली ज्योत पुढच्या बाईच्या पदराला लागू नये आणि वाऱ्याने विझूही नये, ही दोन्ही अवधाने त्या सहज सांभाळतात. दिवा कोणासाठी आहे आणि कोणाला त्याचा उपद्रव होता कामा नये, हे आपल्याला असे लहानपणापासून शिकवलेले असते. परंतु याच घरातला मनुष्य मोटार घेतो आणि तिच्या पुढच्या दिव्याचा बल्ब गेला की दुकानदार हातावर ठेवील तो बसवून मोकळा होतो. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच होता. एका पौष अमावास्येच्या रात्री आदिलाबादच्या रस्त्यावर जे घडले, त्यानंतर या विषयाचा इतिहास धुंडाळण्याची इच्छा झाली.

आदिलाबाद जिल्ह्यातील केस्लापूर येथे पौष अमावास्येस नागोबाची जत्रा भरते. हे गोंडांचे दैवत असून पूजेचा मान मेश्राम कुळाचा आहे. तिकडे त्यांना मेस्रम म्हणतात. जत्रेपूर्वी या कुळातील माणसे अनवाणी पायांनी हस्तिनमडुगूपर्यंत चालत जातात, तेथून गोदावरीचे पाणी आणतात आणि त्या पाण्याने देवाचा अभिषेक होतो. महापूजा अमावास्येच्या रात्रीच होते. साहजिकच त्या दिवसांत गुडीहत्नूरवरून उटनूरकडे जाणारा रस्ता संध्याकाळनंतरही वाहता असतो. पायी चालणारी कुटुंबे, छपराच्या बैलगाड्या, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया त्या वाटेने जात असतात. चंद्र नसतो. बैलगाडीला पूर्वी आसाखाली एक कंदील टांगलेला असे. हल्ली पुष्कळ गाड्यांना तोही नसतो; फार तर मागे कोणी लाल परावर्तक पट्टी चिकटवलेली असते.

आम्ही पांढरकवड्याहून निघालो ते पैनगंगा ओलांडून अंधार पडता पडता आदिलाबादेत आलो आणि गुडीहत्नूरला वळलो. गाडीचा डाव्या बाजूचा दिवा महिनाभर मंद वाटत होता. मुतनूरच्या अलीकडे समोरून एक गाडी आली. तिचे दिवे इतके पांढरे आणि इतके वर रोखलेले होते की दोनतीन क्षण मला रस्ताच दिसेनासा झाला. डोळे निवळले तेव्हा पुढ्यात बैलगाडीचे चाक होते. ब्रेक लागले, गाडी हातभर अंतरावर थांबली. गाडीवानाने वळून पाहिले, काही बोलला नाही. त्याच्या मागे घोंगडीत दोन मुले निजलेली होती.

हिशेब नंतर मांडला. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. डोळे दिपल्यावर तीन सेकंद गेले तर ५० मीटर रस्ता आंधळेपणाने कापला जातो. दिपलेले नसतानाही, अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे २४ मीटर, असे मिळून ५० मीटरांच्या घरात अंतर लागते. खाली वळवलेला, म्हणजे डिपरवरचा दिवा साधारण तेवढेच अंतर दाखवतो. ताशी ८० चा वेग घेतला की लागणारे अंतर ७५ मीटर होते, दिवा मात्र पूर्वीइतकाच राहतो. ताशी ६० च्या पुढे जाऊन मनुष्य डिपरवर चालतो तेव्हा तो निम्मा भरवशावर चाललेला असतो. माझ्या बाबतीत तर डावा दिवा मंद असल्याने तो भरवसाही पुरता नव्हता. दोष केवळ समोरच्याचा होता असे म्हणण्याची सोय राहिली नाही.

मोटारी निघाल्या तेव्हा त्यांना दिवे घोडागाडीचेच मिळाले. मेणबत्तीचे आणि तेलाचे ते दिवे गाडी कोणाला तरी दिसावी यासाठी होते, रस्ता दिसावा यासाठी नव्हते. मोटारीला दहा-बारा मैलांच्या वेगाच्या पलीकडे जायचे तर दुसरा उजेड हवा होता आणि तो कॅल्शियम कार्बाइडने दिला. १८९२ साली अमेरिकेत थॉमस विल्सन यांना विजेच्या भट्टीत हा पदार्थ करण्याची युक्ती सापडली आणि थोड्याच वर्षांत सायकली, मोटारी व खाणी यांतून कार्बाइडचे दिवे दिसू लागले. रचना सोपी होती. पितळी भांड्याच्या वरच्या कप्प्यात पाणी आणि खालच्या कप्प्यात कार्बाइडचे खडे असत. मधल्या तोटीतून थेंब थेंब पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघे आणि चोचीतून शुभ्र ज्योत पेटे. मागे गोल आरसा असे. ज्यांनी हा दिवा हाताळला आहे त्यांना त्याचा लसणीसारखा वास आणि तळाशी उरणारा चुन्याचा राबडा विसरता येत नाही. आज कार्बाइड आपल्या कानावर येते ते आंबे पिकवण्याच्या संदर्भात आणि त्या कामी त्याला कायद्याने बंदी आहे. पण एके काळी रात्रीची मोटार त्याच्याच जोरावर चाले. थांबायचे तर पाणी बंद करायचे, आणि तरीही वायू काही वेळ निघत राहायचा. थंडीत पाणी गोठले की दिवा गेला. आपल्याकडे गोठण्याची भीती नव्हती, धुळीची मात्र होती. चोचीचे बारीक छिद्र धुळीने बुजे आणि मग सुई घेऊन वाटेत बसावे लागे.

विजेचे दिवे १८९८ मध्येच अमेरिकेतील कोलंबिया या विजेवर चालणाऱ्या मोटारीवर आले होते, परंतु ते टिकेनात. खडबडीत रस्त्यावर कार्बनची तार तुटे. १९१० साली विल्यम कूलिज यांनी टंगस्टन धातूची लवचीक तार ओढण्याची रीत बसवली, तेव्हा तो प्रश्न सुटला. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत विजेने इंजिन सुरू करण्याची व दिव्यांची सोय एकत्र आली, आणि १९१३ मध्ये जर्मनीत बॉशने डायनामो, नियंत्रक व दिवे अशी सारी जोडणी विकावयास काढली. दिवा आता चालकाच्या हाताशी असलेल्या बटणावर आला. आणि तेथेच नव्या अडचणीचा जन्म झाला. कंदिलाने कोणाचे डोळे दिपत नसत. विजेच्या दिव्याने समोरून येणारा आंधळा होऊ लागला.

हा इतिहास वाचताना माझ्या ध्यानी आलेली गोष्ट अशी की, पुढील शंभर वर्षांतले बहुतेक सारे शोध उजेड वाढवण्याइतकेच तो आवरण्यासाठीही लागले आहेत. प्रथम सारा दिवाच दांड्याने खाली वाकवण्याची व्यवस्था होती. मग १९२४ साली बायलक्स नावाचा बल्ब आला आणि त्याची युक्ती मला अजूनही आश्चर्याची वाटते. एकाच काचेत दोन तारा असतात. एक आरशाच्या नेमक्या केंद्रावर असून ती दूरचा झोत देते. दुसरी थोडी पुढे असते आणि तिच्या खाली नखाएवढी धातूची वाटी असते. ही वाटी खालच्या बाजूस जाणारा उजेड अडवते, म्हणून आरशाचा केवळ वरचा अर्धा भाग उजळतो आणि तेथून परतणारा उजेड खाली रस्त्यावर पडतो. वरच्या काठाला तो कापल्यासारखा थांबतो. समईच्या मागे हात धरून आपण ज्योत आडोशाला घेतो, तोच हा प्रकार होय, फक्त हाताच्या जागी टिकली. तीच वाटी आजही सर्वत्र चालणाऱ्या एच-४ बल्बात आहे.

१९५७ मध्ये युरोपात या कापलेल्या काठाला एक बाक देण्यात आला. ज्या बाजूने आपण चालतो त्या बाजूचा काठ थोडा वर उचललेला ठेवायचा, म्हणजे कडेचा पादचारी, कुंपण, मैलाचा दगड दिसेल. आणि समोरून येणाऱ्याच्या बाजूस काठ सपाट व खाली राहील. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून आपला दिवा डावीकडे वर उचललेला हवा. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशांसाठी घडवलेला दिवा आणून लावला तर तो नेमका समोरच्याच्या डोळ्यांत जातो. परदेशातून हौसेने दिव्यांचे जोड आणणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. येथे बल्ब निर्दोष असतो. दोष काचेच्या व आरशाच्या घडणीत असतो.

अमेरिकेने निराळी वाट धरली. १९४० पासून तेथे काच, आरसा व तारा मिळून एकसंध बंद दिवा करण्यात आला. आत धूळ शिरायची नाही, आरसा काळवंडायचा नाही. पण तार गेली की सगळा दिवा फेकून द्यायचा. आपल्याकडील जुन्या मोटारींतून व ट्रकांतून सात इंची गोल दिव्यांची जात दीर्घ काळ राहिली, तिचे माप तेथूनच आलेले आहे. पुढे टंगस्टनच्या जोडीला हॅलोजन वायू घालण्याचा शोध लागला. साध्या बल्बात तारेवरचा टंगस्टन उडून काचेवर बसतो व काच काळी पडते. हॅलोजन त्याला उचलून पुन्हा तारेकडे नेतो, त्यामुळे तार अधिक तापवता येते आणि काच स्वच्छ राहते. मोटारीसाठी एच-१ हा पहिला हॅलोजन बल्ब १९६२ साली युरोपात आला. दोन तारांचा एच-४ १९७१ मध्ये. १९९१ नंतर झेनॉन आणि २००६ नंतर एलईडी, अशी ही मालिका आजवर चालत आली आहे.

या साऱ्याचा आदिलाबादशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध रस्त्याचा आहे. नागपूरहून हिंगणघाट, पांढरकवडा, पाटणबोरी करीत पैनगंगा ओलांडायची, आदिलाबाद, इचोडा, नेरडीगोंडा करीत निर्मळचा घाट उतरायचा आणि सोनजवळ गोदावरी पार करून हैदराबादेकडे जायचे. उत्तर व दक्षिण हिंदुस्थानाला जोडणारी ही वाट पुढे राष्ट्रीय महामार्ग ७ झाली व २०१० च्या नव्या क्रमांकांत ४४ झाली. निजामाच्या राज्यात रेल्वेच्या अखत्यारीत मोटारबसची सेवा १९३२ साली २७ गाड्यांनिशी सुरू झाली. रात्रीच्या या मार्गावर जंगल दोन्ही बाजूंनी अंगावर येते, आणि वाघ-अस्वलांचे डोळे दिव्याच्या उजेडात चमकतात, हे जुन्या प्रवाशांच्या सांगण्यात नेहमी येते. तो प्रकाश डोळ्यांतला नसतो. बुबुळामागच्या पडद्यावरून आपल्याच दिव्याचा उजेड परत येतो. त्या काळी मोटारीच्या झोतात जनावर गोंधळून उभे राहिले की बंदूक चालवण्याची रीत शिकाऱ्यांत होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दिव्याच्या साहाय्याने होणारी ही शिकार गुन्हा ठरली. कवल येथे २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला असून टिपेश्वरकडून येणारे वाघ पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या रानात शिरतात.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा या जिल्ह्यातून किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे. पण भाषेची सीमा नकाशाच्या रेषेवर थांबत नाही. भोरजच्या फाट्यावरून आत जैनदला गेले तर आजही मराठी ऐकू येते. जैनदचे लक्ष्मीनारायणाचे मंदिर काळ्या पाषाणाचे आहे. वर्षातील ठरावीक दिवसांत सकाळचे सूर्यकिरण देवाच्या पायांवर पडतात, अशी त्याची ख्याती आहे. येथील परमार जगद्देवाच्या काळच्या शिलालेखाचा आरंभ सूर्यवंदनाने होतो आणि लोलार्क नामक पुरुषाच्या पत्नीने निंबादित्याचे देऊळ बांधल्याचे त्यात सांगितले आहे. कोल्हापूरचा किरणोत्सव आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. किरण पायांवरून वर सरकत मुखापर्यंत पोचेल की नाही, याची गर्दीत केवढी उत्कंठा असते! त्या स्थपतींना प्रकाश कोठे पडावा हे बोटभर अंतराच्या हिशेबाने ठरवता येत होते. मोटारीच्या दिव्याची सारी विद्या हीच आहे, म्हणून हा थोडा आडरस्ता घेतला.

आता बल्बाकडे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आदिलाबादेत एका दुकानी गेलो. तेथे तीन प्रकार पुढ्यात आले. पहिला ६०/५५ वॅटचा साधा हॅलोजन. दुसरा निळसर काचेचा, "एकदम पांढरा उजेड" देणारा. तिसरा १००/९० वॅटचा. शिवाय एलईडीचा एक जोड, त्याच्या खोक्यावर डोळे दिपवणारे आकडे छापलेले. दुकानदाराचा आग्रह शेवटच्या दोहोंसाठी होता. रात्रीचा अनुभव ताजा असल्याने माझेही मन तिकडेच ओढ घेत होते, हे कबूल केले पाहिजे. समोरच्याने दिपवले तर आपणही त्याला दिपवावे, असा तो विचार होता. तो फारसा शोभणारा नव्हता.

दुकानाबाहेर एक वयस्क वायरमन बसले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी माझ्या हातातला १००/९० चा बल्ब पाहिला आणि म्हणाले, "साहेब, बल्ब बदलून काय होणार? आधी करंट पोचतो की नाही ते बघू."

"तार गेलेली नाही चाचा, नुसता मंद आहे," मी म्हणालो.

"म्हणून तर बघायचं."

इंजिन सुरू करून त्यांनी मीटर लावला. बॅटरीवर १३.६ व्होल्ट होते, डाव्या दिव्याच्या पिनांवर ११.९. मधले पावणेदोन व्होल्ट गंजलेल्या अर्थिंगच्या स्क्रूत आणि काळ्या पडलेल्या होल्डरात गडप झाले होते. पावणेदोन ही संख्या लहान दिसते. परंतु तापलेल्या तारेचा उजेड दाबाच्या प्रमाणात घटत नाही, त्याच्या साडेतीनाव्या घाताच्या आसपास घटतो. दाब ५ टक्के उतरला की उजेड १६ टक्के जातो. माझ्या दिव्याचा एक तृतीयांशाहून अधिक उजेड त्या स्क्रूने खाल्ला होता. उलट दाब ५ टक्के चढला तर बल्बाचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. म्हणून ज्यांचे बल्ब वारंवार जातात त्यांनी बल्बाच्या कंपनीला बोल लावण्यापूर्वी चार्जिंग तपासून घ्यावे.

अशा होल्डरात ९० वॅटचा बल्ब बसवला असता तर काय झाले असते? ५५ वॅटला साडेचार अँपिअर लागतात, ९० ला साडेसात. वायरीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे अडीच पटीहून जास्त. होल्डर वितळला असता, आरशाचा मुलामा काळवंडला असता आणि उजेडाचे काम महिन्या-दोन महिन्यांत पूर्वपदावर आले असते. असे बल्ब रस्त्यावर वापरण्यास मान्यताही नाही. निळ्या काचेविषयी इतकेच की, निळा रंग देण्यासाठी ती उरलेला उजेड अडवते; तेव्हा पैसे जास्त आणि प्रकाश कमी असा तो व्यवहार आहे.

एलईडीचे प्रकरण अधिक नाजूक आहे, कारण तिची मूळ योग्यता कोणी नाकारू शकणार नाही. एलईडीसाठीच घडवलेल्या दिव्यात ती उत्तम चालते. परंतु हॅलोजनचा आरसा तारेच्या एका विशिष्ट जागेसाठी, मिलिमीटरच्या अंशापर्यंत हिशेब करून घडवलेला असतो. तेथे तारेऐवजी चपट्या चकत्यांचा उजेड आला, तोही जागा थोडी चुकवून, की काठ फाटतो. काही उजेड वर झाडांत जातो, काही समोरच्याच्या डोळ्यांत, आणि रस्त्यावर हवा तेथे खड्डा पडतो. जर्मनीत २०२० पासून असे काही जोड ठरावीक गाड्यांच्या ठरावीक दिव्यांपुरते, चाचणी करून मान्य केले आहेत. त्यातही गाडीचे नाव यादीत आहे की नाही ते पाहावे लागते. आदिलाबादच्या दुकानातल्या खोक्यावर अशी यादी नव्हती. मुतनूरजवळ मला भेटला तो उजेड बहुधा याच जातीचा असावा.

आपला कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढच्या दिव्याचा झोत खाली वळवलेला असावा, आणि दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला त्याने दिपवू नये, असे सांगितले आहे. दीड मीटर म्हणजे साधारण उभ्या माणसाची नजर. नियम लिहिणाऱ्यांनी समोर पायी माणूस धरला असावा, अशी माझी समजूत आहे. पूर्वी दिव्याच्या काचेचा वरचा अर्धा भाग काळा रंगवण्याची चाल होती. १९६५ व १९७१ च्या युद्धकाळातल्या ब्लॅकआउटमध्ये तर ती शहरोशहरी सक्तीने पाळली गेली, आणि त्यानंतरही कैक वर्षे काचेच्या मध्यावर काळा ठिपका लावलेल्या गाड्या दिसत. शास्त्रदृष्ट्या ठिपक्याचा उपयोग थोडा होता. पण चालकाला समोरच्याची आठवण राहावी, एवढे काम तो करीत असे. ट्रकांच्या पाठीवर रात्री डिपर वापरण्याची विनंती आजही रंगवलेली असते. ती वाचणारा नेहमी मागचा असतो, आणि दिपणारा समोरचा!

मी ६०/५५ चे दोन बल्ब घेतले. एक जुना राहिला तर डाव्या-उजव्या उजेडांत फरक पडतो आणि समोरच्याला गाडीची रुंदी नीट कळत नाही, म्हणून दोन्ही. चाचांनी अर्थिंगचा स्क्रू घासला, दोन्ही होल्डर नवे घातले, रिले बसवून बॅटरीपासून थेट जाड वायर ओढली. बल्ब त्यांनी कागदासकट धरला. काचेला उघडे बोट लावू दिले नाही. घामातले क्षार व तेल तापलेल्या काचेत भाजले जातात आणि त्या ठिकाणी काच खराब होऊन बल्ब लवकर जातो. देवघरातल्या मूर्तीला ओल्या हातांनी शिवायचे नाही असे आजी सांगे, तशा सुरात त्यांनी मला ते सांगितले. सगळ्याला अर्धा दिवस गेला, आणि खर्च एलईडीच्या जोडाच्या निम्म्याने आला.

झोत लावण्याचे काम अंधार पडल्यावर करायचे होते. चाचांनी गाडी एका गोदामाच्या भिंतीसमोर सपाट जागी उभी करवली, चाकांतली हवा पाहिली, मला चालकाच्या जागी बसवले. काचेच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची दोरीने मोजून त्यांनी भिंतीवर खडूने रेघ मारली. गाडी ५ मीटर मागे घेतली. उजेडाचा काठ त्या रेघेच्या ५ सेंटीमीटर खाली यावा, असे माप होते. १० मीटरवर असते तर १० सेंटीमीटर. डावा दिवा रेघेच्या वर जवळजवळ वीतभर निघाला. म्हणजे महिनाभर मंद का होईना, पण तोही समोरच्यांच्या डोळ्यांत जात होता. चाचांनी मागचा स्क्रू हळूहळू फिरवला. काठ उतरत उतरत खडूच्या रेघेखाली आला, डाव्या बाजूला त्याची टोकदार चढण नीट दिसू लागली.

परतताना गुडीहत्नूरच्या अलीकडे जत्रेहून घरी चाललेल्या बैलगाड्यांची रांग समोरून आली. मी डिपर धरून गाडी कडेला घेतली आणि त्या जाईपर्यंत थांबलो. उजेड बैलांच्या गुडघ्यांपर्यंत पोचत होता. जुवाच्या वर अंधारच होता आणि गाडीवानांचे चेहरे दिसले नाहीत. एका गाडीतून कोणीतरी हात उचलल्यासारखे वाटले.